घरी बर्न केलेली ब्ल्यू-रे डिस्क लॅपटॉपवर चालते, मग गावच्या प्लेअरवर का चालत नाही?

तुमचा प्रश्न वाचला. देवगडकडच्या गावात जत्रेचा दशावतार मोबाईल आणि कॅमेरा दोन्हीवर शूट केलात, ठाण्याला घरी ब्ल्यू-रे बर्न केलीत, लॅपटॉपवर झकास चालली, आणि गावी काकांच्या प्लेअरने 'नो डिस्क' दाखवलं, शेजाऱ्यांच्या प्लेअरवर चित्र आलं पण आवाज नाही. मी कुडाळला लग्नाची आणि दशावताराची शूटिंग करतो, डिस्क बनवून द्यायचं काम बरीच वर्षं केलंय, आणि गावातली मोठी माणसं आजही डिस्कच मागतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की काकांकडचा आणि शेजाऱ्यांकडचा हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, डिस्क एकच असली तरी. प्लेअर नेमका कुठे अडतोय ते बघायचं, म्हणजे डिस्क ओळखतच नाही, की ओळखतो पण फाईल उघडत नाही, की चालवतो पण अडखळतो किंवा मुका होतो. लॅपटॉपवर चाललं याला पुरावा धरू नका. लॅपटॉपवर व्हीएलसीसारखं सॉफ्टवेअर असतं, ते काहीही समोर टाकलं तरी चालवतं, आणि ज्या ड्राईव्हने डिस्क लिहिली तोच ती वाचतोय. घरातला प्लेअर ठरलेल्या नियमाबाहेर जात नाही.

आता काकांचा प्लेअर. पहिल्यांदा बघा की तो खरंच ब्ल्यू-रे प्लेअर आहे का. आमच्याकडे हे फार होतं, डीव्हीडी प्लेअरवर पुढे मोठ्या अक्षरात '1080पी अपस्केलिंग' लिहिलेलं असतं, मागे एचडीएमआयची पिन असते, म्हणून लोक त्याला एचडी प्लेअर समजतात. पण तो 650 नॅनोमीटरच्या लाल लेझरने वाचतो आणि ब्ल्यू-रेला 405 नॅनोमीटरचा निळा लेझर लागतो, त्यामुळे त्याच्यासाठी तुमची डिस्क कोरीच आहे आणि 'नो डिस्क' हेच उत्तर येणार, कितीही वेळा बर्न केली तरी.

ब्ल्यू-रे प्लेअरच असेल तर तुमच्या कोऱ्या डिस्कचं पाकीट बघा, त्यावर एलटीएच लिहिलंय का. या डिस्कमध्ये सेंद्रिय डाय असतो आणि लिहिलेली जागा कोऱ्या जागेपेक्षा जास्त चमकते, नेहमीच्या बीडी-आरमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या साध्या ब्ल्यू-रेमध्ये, याच्या बरोबर उलट असतं. जुन्या प्लेअरना हे कळत नाही, काहींना फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर कळतं. स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात, पण माझं स्पष्ट मत आहे की दुसऱ्याच्या प्लेअरवर जाणाऱ्या कामाला एलटीएच वापरूच नये, शिवाय तो डाय उन्हाला नाजूक असतो आणि खिडकीत ठेवलेली डिस्क लवकर खराब होते.

तिसरी शक्यता म्हणजे आपली कोकणातली हवा. पावसाळ्यात चार महिने प्लेअर बंद, वर प्लास्टिक टाकलेलं, आत दमट खारी हवा, मग लेन्सवर बुरशी येते. 'पण डीव्हीडी चालते ना' असं काका म्हणतील, पण डीव्हीडीचा आणि ब्ल्यू-रेचा लेझर वेगळा असतो, एक चालू आणि एक मेलेला असं होऊ शकतं. एखादी विकत घेतलेली ओरिजिनल ब्ल्यू-रे लावून बघा, तीही चालली नाही तर तुमच्या डिस्कचा काही दोष नाही. डिस्क स्वतः पण तपासा, ब्ल्यू-रेत डेटावर फक्त 0.1 मिलिमीटरचा थर असतो, डीव्हीडीत 0.6 होता, त्यामुळे बोटांचे ठसे आणि बुरशी हिला जास्त नडते.

शेजाऱ्यांकडे विचारा की डिस्क टाकल्यावर व्हिडिओ आपोआप सुरू झाला की फाईलची यादी आली. यादी आली असेल तर तुम्ही ब्ल्यू-रे बनवलीच नाही, ब्ल्यू-रेवर एमपी4 फाईल कॉपी केलीत, आणि मग त्या प्लेअरला जे फॉरमॅट जमतात तेवढंच चालणार. खऱ्या डिस्कमध्ये उघडल्याबरोबर बीडीएमव्ही नावाचं फोल्डर दिसायला हवं, त्यात स्ट्रीम, प्लेलिस्ट, क्लिपइन्फ हे फोल्डर आणि इंडेक्सची फाईल. बरेच जण काय करतात की 'जत्रा फायनल' असं फोल्डर करून त्याच्या आत बीडीएमव्ही टाकतात, लॅपटॉपवर चालतं पण प्लेअर एक पायरी आत जाऊन शोधत बसत नाही. फाईल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, पण यूडीएफ 2.50 हवी, इमगबर्न (ImgBurn) या बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चुकलं तर तो स्वतःच विचारतो, तेव्हा डोळे मिटून 'नो' दाबू नका.

आवाज गेला त्याचं कारण बहुतेक एएसी, हा आवाजाचा एक फॉरमॅट. मोबाईल आवाज एएसीत रेकॉर्ड करतो आणि ब्ल्यू-रेच्या नियमात एएसी नाहीच. आवाज एसी3 किंवा एलपीसीएममध्ये बदलून घ्या म्हणजे पखवाज ऐकू येईल, संकासुर नुसता मुकाट नाचून काय उपयोग! चित्राचं तसंच, मोबाईलवर एचईव्हीसी हा नवा व्हिडिओ फॉरमॅट असेल तर साध्या ब्ल्यू-रेला ते चालत नाही, एच.264 फॉरमॅट करा, सेटिंग हाय प्रोफाईल, लेव्हल 4.1. आणि फ्रेम रेट नीट बघा, कारण 1080पी मध्ये सेकंदाला 50 फ्रेम हे साध्या ब्ल्यू-रेत बसत नाही. कॅमेऱ्याचं 50 फ्रेमचं शूटिंग असेल तर 1080आय 50 (इंटरलेस्ड, म्हणजे एका वेळी अर्ध्या ओळी) किंवा 720पी 50 करा, युद्धाच्या नाचात हालचाल इतकी जोरात असते की 25 फ्रेमवर आणलंत तर तलवारीच्या जागी नुसते पट्टे दिसतात. मला स्वतःला 720पी 50 आवडतं, रात्रीच्या हॅलोजनमध्ये तसंही बारीक डिटेल फार नसतं. मोबाईलचे 30 फ्रेम कमीजास्त होत राहतात, ते आधी पक्के करून घ्या, आणि शक्य असेल तर कॅमेऱ्याचं आणि मोबाईलचं वेगळ्या टायटलमध्ये, म्हणजे डिस्कवर वेगवेगळे व्हिडिओ म्हणून, ठेवा, एकात मिसळलं की झटके बसतात.

25 जीबीच्या डिस्कमध्ये 12 एमबीपीएसने साधारण साडेचार तास बसतात, म्हणजे एक नाटक आरामात. बर्न करताना 4एक्स स्पीड ठेवा, व्हेरिफायची खूण काढू नका, आणि मधेच लाईट गेली तर डिस्क फुकट, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच. आधी बीडी-आरईवर काढून बघितलंत तर पुसून परत वापरता येते. वरून कागदी लेबल चिकटवू नका.

एक मात्र नक्की करा, मूळ फाईली दोन हार्डडिस्कवर ठेवा. सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत रेकॉर्ड करायच्या ब्ल्यू-रेचं उत्पादन थांबवलं, पुढे कोऱ्या डिस्क मिळणं अवघडच होणार. काकांसाठी तोवर एच.264 ची फाईल पेनड्राईव्हवर घालून टीव्हीला लावून द्या, पेनड्राईव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर फाईल 4 जीबीच्या आत तुकडे करून.

आणि काकांना प्लेअरच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगा, मॉडेल नंबर इथे खाली टाका, त्याचं मॅन्युअल बघून एलटीएच आणि बीडी-आरई चालतं का ते मी सांगतो.