मॅडम, तो मला बघून पळतो

"मुलाची फिजिओ व्हिडिओ कॉलवर चालू आहे, रोजचे व्यायाम घरी मीच घेते, पण तो इतका रडतो की जबरदस्ती करू की सोडून देऊ तेच कळत नाही." हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो आणि दरवेळी मला एक आई आठवते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

सांगली जिल्ह्यातलं खेडं. मुलगा पाच वर्षांचा, सातव्याच महिन्यात झालेला, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), त्यातही दोन्ही पाय कडक असणारा प्रकार. हात बरेच चांगले, बोलायला तर नुसता पोपट, पण चालायचा चवड्यांवर. फिजिओथेरपिस्ट पुण्याला, दरवेळी पोराला एसटीतून नेणं कुठलं जमतंय, म्हणून आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल आणि बाकीचे सहा दिवस आई.

"मॅडम, फोन वाजला की तो कॉटखाली जाऊन बसतो. आता तर नुसती सतरंजी अंथरली तरी पळतो. मला बघून पळतो हो."

मी मोठ्या शहाणपणाने स्टार चार्ट सुचवला. व्यायाम केला की स्टार, दहा स्टार झाले की खेळण्यातली गाडी. चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी पोरगा म्हणाला, मला गाडी नको. संपला विषय!

मग म्हटलं, ताई, मला एकदा बघू द्या तुम्ही कसं घेता ते. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, तो घसरला, त्यामुळे पाच मिनिटं मी छताचा पंखाच बघितला. मग दिसलं ते असं, की आई एका हाताने गुडघा दाबून दुसऱ्या हाताने पाऊल वर ढकलतेय, तीस आकडे भराभर मोजतेय, पोरगा रडतोय, आणि रडला की पाय अजूनच कडक होतोय (या मुलांचं असंच असतं, घाबरलं, रडलं की स्नायू जास्त ताठतात), म्हणून ती अजून जोर लावतेय. स्वयंपाकघरातून सासूबाई, "बास कर की गं, पोराचं किती हाल करशील!" आणि दारात बाबा, हातात गाडीची किल्ली.

नंतर मी वहीचं विचारलं. थेरपिस्टने टिक करायला सांगितली होती, रोजचे आठ व्यायाम, सगळ्यांपुढे टिक. जरा वेळ गप्प बसली. "मॅडम, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत." वही भरलेली दिसल्यावर थेरपिस्टने बिचारीने व्यायाम वाढवले होते, ते वाढले म्हणून अजून राहायचे, राहिले की अजून खोट्या टिका. तिला तो कॉल म्हणजे आपली परीक्षाच वाटायची.

पुढच्या कॉलला मी पण बसले. तिने खरं सांगितलं, थेरपिस्ट म्हणाली बरं झालं सांगितलंत, आणि आठाचे तीन केले. कुठला व्यायाम, किती वेळा, हे थेरपिस्टनेच ठरवायचं, ते माझं काम नाही. माझं काम एवढंच, की ते तीन घरात कुठे बसवायचे. पोटरीचं स्ट्रेचिंग गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, तेल लावता लावता, गुडघा सरळ ठेवून, सावकाश. स्टुलावरून उठबस आजीबरोबर, ती कपडे वाळत घालणार आणि हा उठून एकेक चिमटा देणार. टीव्ही बघताना पाय मागे टाकून डब्ल्यूसारखं बसायचा, त्याऐवजी तोच स्टूल, आणि ते बघणं बाबांकडे. रविवारी तर सगळंच बाबांकडे, आईने त्या दिवशी पायाला हात लावायचा नाही. ही अट मीच घातली, आणि ती पाळायला तिलाच सगळ्यात जड गेली.

पण सोडून द्या असं मी कुणालाच सांगत नाही. मेंदूची इजा वाढत नाही हे खरं, पण हाडं वाढतात आणि कडक स्नायू मागे राहतात, मग टाच टेकेनाशी होते. ताण जाणवणं वेगळं आणि दुखणं वेगळं, म्हणून पोराला एक शब्द ठरवून दिला, तो "थांब" म्हणाला की हात काढायचा. स्प्लिंट (पाऊल सरळ ठेवायला बांधतात तो आधार) काढल्यावर त्याचा लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर लगेच थेरपिस्टला फोटो. आणि स्नायू किती घट्ट आहे ते स्क्रीनवरून हाताला लागत नाही, त्यामुळे मधूनमधून प्रत्यक्ष दाखवणं आलंच. पुणं लांब पडत असेल तर बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) म्हणून केंद्र असतं, तिथे चौकशी करा.

तो अजूनही कधीकधी कॉटखाली जातो. मागच्या महिन्यात तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. टिका होत्या, मधे सात फुल्या. ताप. लग्नाला गेलो. लाईट नव्हती. आणि एका फुलीपुढे, "आज मलाच कंटाळा आला."