बातमीवजा जाहिरात की जाहिरातवजा बातमी?

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे : "गंगापूर रोडवरच्या एका गृहप्रकल्पावर पेपरात अर्धं पान मजकूर आला. मथळा बातमीचा, सुरुवात 'नाशिक : प्रतिनिधी', शेवटी बुकिंगचा फोन नंबर आणि कंसात 'वा. प्र.'. याला जाहिरातवजा बातमी म्हणायचं की पेड न्यूज?"

आधी शब्दांचा क्रम बघू. 'वजा' लावलं की मूळ वस्तू नंतरच्या शब्दात असते. कादंबरीवजा चरित्र हे चरित्रच. चरित्रवजा कादंबरी ही कादंबरी. त्या हिशेबाने तुमचं अर्धं पान ही बातमीवजा जाहिरात. 'वा. प्र.' म्हणजे वाणिज्य प्रतिनिधी. पेपरातल्या माणसाला ही खूण पुरते. सिडकोत भाड्याने राहून फ्लॅट शोधणाऱ्याला मात्र ती 'वार्ताहर', 'प्रतिनिधी' यांच्याच पंगतीतली वाटते. कळावं म्हणून नव्हे, तर उद्या कुणी जाब विचारलाच तर दाखवता यावी म्हणून ती छापत असावेत, असं माझं मत.

जाहिरातवजा बातमी हा निराळा प्रकार. तिथे पैसे दिलेले असतीलच असं नाही. आलेलं प्रसिद्धिपत्रक कुणी तरी जसंच्या तसं पानात सोडतं, एवढंच. ती भाषेवरून ओळखू येते : 'उदंड प्रतिसाद', 'मान्यवरांच्या हस्ते', 'अल्पावधीतच ग्राहकांच्या पसंतीस उतरलेल्या', आणि हल्ली नाशकात 'सिंहस्थाच्या पार्श्वभूमीवर'. प्रसिद्धिपत्रक काढण्यात गैर काहीच नाही. महापालिकाही काढते, शाळाही काढतात. घोळ होतो तो 'असे कंपनीने कळवले आहे' हे शेपूट कापलं की. मग कंपनीचा दावा पेपरचं म्हणणं होऊन बसतो.

हा भेद बोलण्यात आपण क्रियापदाने नेमका करतो. बातमी 'आली' वेगळी, 'लावून घेतली' वेगळी, आणि 'छापून आणली' तर त्याहून वेगळी. 'छापून आणली' म्हणताना आवाजात जो तिरकसपणा येतो, तो कुठल्याही पारिभाषिक शब्दात नाही.

आता पेड न्यूज. भारतीय प्रेस कौन्सिलने 2010 च्या अहवालात व्याख्या केली, तिचा आशय असा : रोख किंवा वस्तुरूप मोबदला घेऊन माध्यमात आलेली कोणतीही बातमी वा विश्लेषण. व्याख्येत निवडणुकीची अट नाही. पण 2009 च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत एकच मजकूर शब्दशः आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं आणि तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे उमेदवारालाच चिकटला. निवडणुकीत जिल्हा पातळीवरची माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती असा मजकूर तपासते आणि पेड न्यूज ठरला तर खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. बिल्डरच्या मजकुरासाठी अशी समिती नसते, तरी पैसे मोजले असतील तर व्याख्येनुसार तीही पेड न्यूजच. म्हणजे रूपावरून नाव द्यायचं तर बातमीवजा जाहिरात, व्यवहारावरून द्यायचं तर पेड न्यूज, दोन्ही चालतील.

हल्ली 'प्रायोजित' छापून वेळ मारून नेतात, ते मला पटत नाही. प्रायोजक पैसे देतो, कार्यक्रम दुसऱ्याचा असतो. इथे पैसेही बिल्डरचे, मजकूरही त्याचाच. अशा पानावर 'जाहिरात' हाच शब्द हवा, आणि तोही मथळ्याच्या वर, वाचता येईल अशा टायपात.