भिशीचे साठ हजार मालकांच्या भिंतीत घालावेत का?

सांगलीच्या गावभागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. जुन्या वाड्यात तळमजल्यावर तीन खोल्या, भाडं ६,५०० रुपये, अनामत ४०,०००. पुढच्या खोलीत ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम, मागे संसार. वाड्यात चार बिऱ्हाडं आहेत. मीटर एकच, मालकांच्या नावावर. प्रत्येकाला सबमीटर आणि युनिटला १५ रुपये. ताईंचे महिन्याला २०० युनिट होतात, म्हणजे ३,००० रुपये. फ्यूज वरचेवर उडतो. इस्त्रीला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून त्या पायाखाली लाकडी पाट घेऊन इस्त्री करतात. वायरमनने सगळ्या वायरिंगचे ४८,००० सांगितलेत. मालकांचं म्हणणं, “तुम्ही करून घ्या, तीन वर्षं भाडं वाढवणार नाही.” करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे जागा वापरायची परवानगी, भाडेकरूचे हक्क नाहीत), नोंदणी न केलेला, त्यातले पाच महिने उरलेत. यंदा ताईंना भिशी लागली, साठ हजार हातात आले. त्यातून २८,००० चं इंटरलॉक मशीन घ्यायचं होतं. त्याने महिन्याला तीनेक हजारांचं काम वाढेल असा त्यांचा अंदाज आहे. आधी वायरिंग की मशीन, हा त्यांचा प्रश्न. शिवाय, शिलाईमुळे दुकानाचा मीटर घ्यावा लागेल का, ही धास्ती.

ताई, पाटाचं वाचलं आणि बाकीचा हिशोब मी बाजूला ठेवला. इस्त्रीला मुंग्या येतात याचा अर्थ वीज इस्त्रीच्या अंगावर उतरतेय आणि तिला जमिनीत जायला अर्थिंगची वाट नाही. एखाद्या दिवशी पाय ओला असेल, पाट सरकलेला असेल किंवा मुलगा अनवाणी येऊन हात लावेल. वायरमनला याच आठवड्यात बोलवा आणि तीन कामं सांगा: वाड्याचं अर्थिंग तपासून तुमच्या बोर्डापर्यंत आणायचं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवायचा आणि इस्त्रीसाठी बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन ओढायची. इस्त्रीची वायर आणि पिनही त्याला दाखवा. आठ-दहा हजारांत हे बसेल. मालक देतात की नाही, याची वाट पाहू नका. एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आहे म्हणून कुणी गप्प बसवलं तर ऐकू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो.

जुन्या वाड्यात आरसीसीबी लावला की तो सारखा पडतो, हेही आताच सांगून ठेवतो. फेज (वीज आणणारी तार) आपल्या मीटरचा आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) शेजारच्या खोलीतला, असं जोडकाम अशा वाड्यांत सर्रास असतं. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला की आरसीसीबी बंद होतो. मग वायरमन म्हणतो, “काढून टाकू, उगाच त्रास.” काढू देऊ नका. तो पडतोय म्हणजे दुखणं सापडलंय.

पत्रात तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिलीत, तीही ओझरती. मुलाने भर दुपारी घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजची पिनही काढली, तरी सबमीटरचा लाल दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकत होता. मीटरवर ३२०० आकडा आहे. मुलाला शाबासकी सांगा. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. मिनिटाला चार म्हणजे तासाला २४०, म्हणजे ७५ वॅट सतत चालू. महिन्याचे ५४ युनिट, तुमच्या दराने ८१० रुपये. वर्षाला साडेनऊ हजारांवर जातात, आणि वापर शून्य!

आता संध्याकाळी दिवे लागल्यावर तुमचा मेन स्विच बंद करा आणि वाड्यात फिरून या. जिन्यातला दिवा गेला का? सामाईक संडासातला? वरच्या बिऱ्हाडात कुणी ओरडलं का? काही गेलं, तर ते तुमच्या मीटरवर आहे. काहीच गेलं नाही, पण मीटरचा दिवा मात्र थांबला, तर वीज तुमच्याच ओल्या भिंतीत मुरत असण्याची शक्यता मोठी. ७५ वॅट म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या पुढे, आरसीसीबी ज्याला पडतो त्याच्या दहापट. तो क्षणभरही टिकणार नाही, आणि कोणती लाइन सोडल्यावर टिकतो हे बघत वायरमनला गळती गाठता येईल. मेन बंद करूनही लुकलुकणं थांबलं नाही, तर मीटर आणि मेनच्या मध्ये कुणीतरी जोड घेतलाय किंवा सबमीटरच बिघडलाय.

आता दराकडे येतो. मालक युनिटला १५ रुपये लावून लुबाडतात, असं तुम्हाला वाटतंय. मी आकडे मांडून पाहिले. हिशोबाला २०२४-२५ चं दरपत्रक धरलंय; सध्याचे दर बिलावर बघून घ्या, थोडे इकडेतिकडे असतील. घरगुती वापराला पहिल्या १०० युनिटला वहन आकारासह (वीज तारांतून आणण्याचा आकार) ५.८८ रुपये, ३०० पर्यंत ११.४६, ५०० पर्यंत १५.७२ आणि पुढे १७.८१. चौघांचे मिळून ६०० युनिट एका मीटरवर आले की स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून बिल होतं सुमारे ९,२०० रुपये. युनिटला १५.३४ पडले. मालकांना एक पैसा सुटत नाही, उलट महिन्याला शंभर-दोनशे खिशातून जात असतील. तेच ६०० युनिट चार मीटरांवर दीडशे-दीडशे असते, तर चौघांचं मिळून बिल सहा हजारांच्या आत आलं असतं. स्वस्त टप्पा प्रत्येक मीटरला मिळतो, आणि तुम्ही चौघं मिळून एकच वापरताय. हा कागद घेऊन मालकांकडे जा, भांडायला नको. बाकीच्या तिघांनाही सोबत न्या.

तुमच्यापुरतं बोलायचं तर गळतीचे ५४ वजा करून तुमचे स्वतःचे १४६ युनिट. स्वतंत्र मीटरवर त्याचे सुमारे १,४४० रुपये. आज देता ३,०००.

दुकानाच्या मीटरची धास्ती सोडा, पण दुसरी एक घ्या. राहत्या घराच्या एका भागात काम चालत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३६०० च्या आत असेल, तर महावितरणच्या दरपत्रकाप्रमाणे घरगुती दरच लागतो. तुमच्या स्वतःच्या मीटरवर तुम्ही यात आरामात बसता. आजच्या ६०० युनिटच्या सामाईक मीटरवर मात्र बसत नाही. तपासणी आलीच, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी दुप्पट दराने होते, आणि कधीपासून ते कळलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. ते बिल मालकांच्या नावावर येईल आणि मालक तुमच्या दारात येतील. वेगळा मीटर हवा, याचं माझ्या लेखी हे दरापेक्षाही मोठं कारण आहे. त्याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही मागितली तरी वीज द्यावी असं म्हटलंय. पण ताबेदार आहोत हे दाखवायला कागद लागतो, आणि तुमचा कागद कच्चा आहे.

म्हणून करार. मालकांचा शब्द खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण वाडा उद्या मुलांच्या नावावर झाला, बिल्डर आला, तर तो शब्द कुणी पाळायचा? बऱ्याच वर्षांपूर्वी मिरजेत भाड्याच्या ऑफिसात मी स्वतः पस्तीस हजारांचं वायरिंग भिंतीत गाडून घेतलं होतं, असाच तोंडी शब्द घेऊन. चौदा महिन्यांत जागा सोडावी लागली. भाड्यावर महिन्याला अडीच हजार जास्त भरले, इतकाच त्याचा अर्थ झाला. वायर काही उपसून नेता आली नाही.

छत्तीस महिन्यांचा नोंदणीकृत करार मागा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर, अनामतीचं व्याज धरून, पाव टक्का. तुमच्या आकड्यांवर ते सहाशेच्या घरात जातं. नोंदणी फी हजार. सगळा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये मालकांवरच टाकलेली आहे, हे त्यांना नम्रपणे सांगता येईल.

त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये दुरुस्तीची एक वाट आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाला फार तर वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा. ही वाट भाडेकरूसाठी आहे, लीव्ह अँड लायसन्सवाल्याला ती हक्काने वापरता येईल असं धरून चालू नका. पण बोलणी करायला माप म्हणून ती उत्तम आहे. तुमच्या भाड्याचा चौथा हिस्सा महिन्याला १,६२५. मालकांना म्हणा, “काम मी करून घेते, पावत्या तुम्हाला देते, महिन्याला सोळाशे भाड्यातून वळते करा.” ४८,००० तीस महिन्यांत फिटतात आणि करार छत्तीसचा असतो. हे करारात लिहून घ्या. मधेच जागा सोडायला लावली तर राहिलेली रक्कम अनामतीसोबत परत, हेही लिहून घ्या.

मालक याला तयार झाले नाहीत, तर पूर्ण वायरिंग करू नका. सुरक्षिततेची तीन कामं आणि मीटर यांवर थांबा आणि दुसरी जागा बघायला लागा.

मशीनचं मी आधी घ्या म्हणतो, अर्थिंग आणि आरसीसीबी झाल्यावर लगेच. त्यासाठी पूर्ण वायरिंगची वाट बघायची गरज नाही. तुमच्या घरात खरा भार इस्त्रीचा आहे, मशीनची मोटर त्यापुढे किरकोळ. सर्वो मोटरचं घ्या, क्लच मोटर शिवत नसतानाही फिरत राहते. अंदाजातलं निम्मं काम जरी आलं, तरी एकोणीसेक महिन्यांत मशीनचे पैसे सुटतात आणि जागा बदलली तर मशीन टेम्पोत चढवून नेता येतं.

साठ हजारांतून तीन कामांना दहा, कराराला दोन, नव्या जोडणीला अनामत धरून सहा-सात, मशीनला अठ्ठावीस. तेरा-चौदा हजार राहतात, त्यांना हात लावू नका. वायरिंग एकदम न करता चार टप्प्यांत करा, बारा-बारा हजारांचे. वेगळ्या मीटरने वाचणारे साडेसातशे आणि भाड्यातले सोळाशे मिळून महिन्याला साडेतेवीसशे होतात. पाच-सव्वापाच महिन्यांत एक टप्पा निघतो. गळती बंद झाल्याचे आठशे मी यात धरलेले नाहीत. पहिला टप्पा स्वयंपाकघर आणि मोरीचा.

वायरिंग भिंतीत गाडू नका, वरून केसिंग-कॅपिंग पट्टीतून (भिंतीवर ठोकायची झाकणाची पट्टी) करा. स्वस्त पडतं आणि गावभागात तर तेच शहाणपणाचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तुमच्या जिन्याखालच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून छातीइतकी उंच दिसते असं तुम्हीच लिहिलंत, आणि सबमीटर तिच्या हातभर खाली आहेत. भिंतीतली ओल तेव्हाचीही असू शकेल. सगळ्या लाइन छताजवळून फिरवून बोर्डाकडे खाली उतरवायला सांगा. नव्या मीटरची जागा ठरवायला महावितरणचा माणूस येईल, त्या दिवशी काम बंद ठेवून घरी थांबा आणि त्याला ती रेघ दाखवा. पेटी तिच्या वर, जिन्याच्या वळणावर बसवून घ्या.