येशू नरकात शिक्षा भोगायला गेला होता का?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हिंदू आहात, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका घरी ऑफिसमधल्या मित्राबरोबर प्रार्थनासभेला गेला होता. तिथं एका बंधूंनी सांगितलं, की वधस्तंभावर येशूचं फक्त शरीर मेलं. खरं प्रायश्चित्त त्यानं पुढं तीन दिवस नरकात सैतानाचा मार खाऊन केलं. तुम्ही विचारलंय, हे सगळे ख्रिस्ती मानतात का? आणि वधस्तंभावर सगळं मिटलं म्हणता, तर पुन्हा नरकात जायचं कारण काय?

मानत नाहीत. ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेत केनियन, हेगिन वगैरे प्रचारकांनी पसरवली आणि आता मोबाइलवरून घरोघरी पोहोचली आहे. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, प्रेस्बिटेरियन यांची आपापसात कितीही भांडणं असोत, येशूनं सैतानाचा मार खाऊन पाप फेडलं असं त्यांच्यापैकी कुणीही शिकवत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगतो. मी पाळक नाही. कोल्हापुरातच वाढलो, बरीच वर्षं चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवतो, आणि हा प्रश्न दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, पुढं ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, त्याच वळणाची. उपासनेत आम्ही उभं राहून प्रेषितांचा मतांगीकार म्हणतो, म्हणजे आम्ही काय मानतो त्याची जुनी, ठरलेली कबुली. त्यात ओळीनं येतं: पंतय पिलाताच्या (रोमन सुभेदाराच्या) वेळी दुःख सोसलं, वधस्तंभावर खिळला, मेला, पुरला गेला, अधोलोकात उतरला, तिसऱ्या दिवशी उठला. लहानपणी मला अधोलोक म्हणजे शिरोळकडची एखादी सखल वाडी वाटायची. खाली उतरायचं, पाणी भरलेलं असतं, माणसं अडकलेली असतात. तेव्हा हसले होते सगळे. आता वाटतं, फार चुकलो नव्हतो.

सगळा घोटाळा शब्दांचा आहे. मराठी बायबलात दोन वेगळे शब्द आहेत, अधोलोक आणि नरक. अधोलोक म्हणजे हिब्रूतलं शेओल, ग्रीकमधलं हेडीज: मेलेली माणसं जिथं जातात ती जागा, भली असोत की बुरी. योसेफ मेला असं समजून याकोब रडतो तेव्हा म्हणतो, मी शोक करत अधोलोकात माझ्या मुलाकडं जाईन. म्हातारा काही शिक्षा भोगायला निघालेला नाही. नरक हा शब्द येतो तो गेहेन्नासाठी. यरुशलेमच्या दक्षिणेचं हिन्नोमचं खोरं, जिथं एके काळी लोकांनी आपली पोरं आगीत होमली. ते नाव पुढं शिक्षेच्या जागेला पडलं. जुन्या इंग्रजी बायबलात या दोन्हींना एकच शब्द, 'हेल'. इंग्रजी वाचून मराठीत बोलणारा माणूस सरळ 'नरक' म्हणून मोकळा होतो. आपल्या भाषेत फरक शाबूत असताना आपण तो का घालवायचा, हे मला कळत नाही.

'अधोलोकात उतरला' हे वाक्य मतांगीकारात पहिल्यापासून नव्हतंही. इ. स. ४००च्या सुमारास अक्विलेयाचा रुफिनस लिहितो, की आमच्या मंडळीच्या मतांगीकारात हे आहे, रोमच्या मंडळीच्या नाही, आणि त्याचा अर्थ 'पुरला गेला' यातच जवळपास येतो. नायसियाचा म्हणून दुसरा एक जुना मतांगीकार आहे, त्यात ते आजही नाही. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. येशू उठल्यानंतर पन्नासाव्या दिवशीच्या भाषणात त्याचा शिष्य पेत्र सांगतो, की ख्रिस्ताला अधोलोकात सोडून दिलं नाही. सोडून दिलं नाही म्हणजे तिथं गेला होता.

आता प्रायश्चित्त. या शब्दावर मराठी माणूस अडखळणारच. आपल्याकडं ज्यानं पाप केलं त्यानं प्रायश्चित्त घ्यायचं: उपास, पंचगव्य, दंड. ख्रिस्ती शिकवणीत पाप एकाचं आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचं. दुसरा शब्द त्याहून अवघड. येशू म्हणतो, मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. पेपरात खंडणी म्हटलं की आपल्याला गुंड आठवतो. गंमत म्हणजे पहिल्या काही शतकांतल्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता: खंडणी दिली कुणाला? ऑरिजेन नावाच्या जुन्या पंडितानं म्हटलं, सैतानाला. निस्साच्या ग्रेगरीनं तर गळाचं उदाहरण दिलं. येशूचं माणूसपण हे आमिष, आत देवपणाचा गळ. सैतानानं गिळलं आणि अडकला. रंकाळा तलावावर गळ टाकून बसणाऱ्याला पटेल असं उदाहरण. पण या ग्रेगरीचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, भडकला. दरोडेखोराला खंडणी, आणि तीही खुद्द देवाचा जीव? त्याला ही कल्पनाच लाजिरवाणी वाटली. मी या दुसऱ्या ग्रेगरीच्या बाजूचा. १०९८ साली आर्चबिशप अन्सेल्मनं सगळं प्रकरण सैतानाच्या हातून काढून घेतलं: देणं आहे ते देवाचं, फेडायला हवं माणसानं, आणि फेडायची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला.

मुलांना मी हे घरातल्या गोष्टीवरून सांगतो. बायबलात येशूला 'जामीन' म्हटलंय, आणि जामीन काय असतो हे कोल्हापुरात कुणाला समजवावं लागत नाही. वडील एस.टी.त होते. त्यांच्या एका सोबत्यानं हुपरीत चांदीचा धंदा टाकायला एका पतसंस्थेतून कर्ज काढलं, वडील जामीनदार. धंदा बसला, सोबती गाव सोडून गेला. तीन वर्षं वडिलांच्या पगारातून कपात झाली. त्या तीन दिवाळ्यांत आईनं नवं लुगडं घेतलं नाही. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी वडील बेबाकी दाखला घेऊन आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बायबलात ठेवला. सहा महिन्यांनी त्याच कर्जाची पुन्हा नोटीस! वडील भांडले नाहीत. दाखला घेऊन गेले, टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "साहेब, ह्यावर सही कुणाची हाय?"

वधस्तंभानंतर तीन दिवस नरकात शिक्षा, ही शिकवण म्हणजे ती दुसरी नोटीस आहे. योहान लिहितो, की मरताना येशू म्हणाला, "पूर्ण झाले आहे." मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, तेतेलेस्ताई, आणि त्याचं रूप असं आहे की काम संपलं आणि संपलेलंच राहिलं. (प्रवचनांत सांगतात की हा शब्द त्या काळी फिटलेल्या कर्जाच्या पावतीवर लिहायचे. त्याचा पुरावा तकलादू आहे, तेवढं सोडून द्या. शब्दाला पावतीची गरज नाही.) लूकमध्ये तो आपला आत्मा बापाच्या हाती सोपवतो. सैतानाच्या नव्हे. आणि सैतान नरकाचा मालक आहे हे चित्र तरी बायबलातलं कुठं आहे? प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात त्यालाच अग्नीच्या सरोवरात टाकलंय. कळंबा जेलमधला कैदी दुसऱ्याला शिक्षा देत नाही, स्वतःची भोगतो.

जामिनाची उपमा दोन ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगून टाकतो. वडील अडकले होते आणि घरी चरफडत होते. येशू म्हणतो, माझा जीव माझ्यापासून कुणी घेत नाही, मी होऊन देतो. आणि आमच्या गोष्टीत पतसंस्था वेगळी, जामीनदार वेगळा. इथं तसं धरलं तर चिडलेल्या देवानं तिसऱ्याच निरपराध माणसाला बडवलं असं होतं, आणि मग तुमच्यासारखा माणूस विचारणारच, हा कसला न्याय? प्रेषित पौल लिहितो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे ज्याचं येणं होतं त्यानंच आपल्या खिशातून भरलं. हे वाक्य सुटलं की बाकी सगळं बिघडतं.

मग खाली उतरला कशाला?

एक तर, तो खरोखर मेला. आमच्याकडं गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना, रविवारी पहाटे ईस्टर. मधल्या शनिवारी काहीच नसतं. त्या दिवशी आम्ही दफनभूमीत जातो. विळ्यानं गवत काढायचं, बादलीत चुना कालवायचा, आजोबांच्या कबरीला हात मारायचा. चुना नखांत जातो तो दोन दिवस निघत नाही. शेजारच्या कबरीवर कुणी येणारं उरलेलं नसलं की उरलेला चुना तिला. मतांगीकारातलं ते वाक्य या शनिवारचं आहे. माणसं मेल्यावर जिथं जातात तिथं तोही होता, थोडा वेळ का होईना, आपल्यातलाच एक मेलेला म्हणून. आमच्या परंपरेची सतराव्या शतकातली वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरी एवढंच म्हणते, की तो तिसऱ्या दिवसापर्यंत मृतांच्या अवस्थेत, मरणाच्या सत्तेखाली राहिला. तीन दिवसांचा हिशेब तर आपल्याला सोपा आहे. शुक्रवारी माणूस गेला की तिसरा रविवारी येतो. बहात्तर तास कुणी मोजत नाही.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याचं म्हणणं आणखी वेगळं: नरकाची यातना येशूनं भोगली, पण मेल्यावर नाही, वधस्तंभावरच, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हणताना. १५६३ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीही त्याच वाटेची. विचार खोल आहे, पण मला तो त्या वाक्यावर बसत नाही. मतांगीकारात 'उतरला' हे 'पुरला गेला'च्या नंतर येतं, आधी नाही. आमच्या पाळकसाहेबांशी यावर माझं अजून जमलेलं नाही.

दुसरं कारण जुन्या मंडळीला जास्त प्यारं होतं: तो तिथं कैदी म्हणून नव्हे, दरवाजे फोडायला गेला. इस्तंबूलच्या कोरा या जुन्या चर्चच्या इमारतीत चौदाव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त, पायाखाली मोडून पडलेली दारं, विखुरलेली कुलपं नि किल्ल्या, बांधलेला सैतान. आणि दोन बाजूंनी तो आदाम-हव्वेला त्यांच्या कबरींतून ओढून काढतोय. नीट बघा, त्यानं त्यांचा हात धरलेला नाही, मनगट धरलंय. मी हे चित्र पुस्तकात कितीदा पाहिलं होतं, पण मनगट दिसलं ते २०१९च्या ऑगस्टनंतर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५च्या वर गेलं. मेव्हण्याला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बोटीत घेताना बोटीतला पोरगा ओरडत होता, "हात नको काका, मनगट द्या!" हातात हात असला की वरचा आणि खालचा, दोघांचीही पकड लागते, खालचा दमला की सुटतो. मनगट धरलं की सगळी भिस्त वरच्यावर. आणि तो पोरगाही त्याच गढूळ पाण्यात कमरेपर्यंत होता. त्याला कुणी शिक्षा केली नव्हती.

पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, की ख्रिस्तानं तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केली. तिथलं ग्रीक क्रियापद दवंडी पिटण्याचं आहे. हे आत्मे कोण, यावर दीड हजार वर्षं वाद आहे. ऑगस्टीन म्हणाला, ख्रिस्तच नोहाच्या तोंडून नोहाच्या काळातल्या लोकांशी बोलला. लूथरनं या ओळींवर लिहिताना सरळ कबूल केलं, की पेत्राला नेमकं काय म्हणायचंय ते मला खात्रीनं कळत नाही. प्रार्थनासभेतल्या बंधूंना ते कळलं असेल तर आनंद आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आमच्या घरात हा विषय तिथूनच सुरू होतो. आमची पणजी बाप्तिस्मा घेणारी घरातली पहिली. आजी सांगायची, तिनं मिशनच्या मिस्साहेबांना विचारलं होतं, "माझी आई देवीच्या साथीत गेली. तिला कुणी येशू सांगितला न्हाई. तुमचा येशू खाली गेलता न्हवं? मग ती त्याला दिसली आसंलच की." मिस्साहेबांनी म्हणे विषय बदलला. कॅथलिक शिकवण सांगते, तो आधी होऊन गेलेल्या नीतिमानांना सोडवायला गेला, शिक्षेचा नरक रिकामा करायला नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या ईस्टरच्या गाण्यांत आशा याहून मोकळी आहे. आमच्याकडं बायबलातलं इब्री ९:२७ दाखवतात: एकदाच मरण, मग न्याय. मी तेही मानतो. आणि तो न्याय करणारा खाली जाऊन आलेलाच आहे, हेही. पणजीच्या आईबद्दल त्याच्या आधी निकाल द्यायला मी बसत नाही.

तुमच्या मित्राशी वाद घालू नका, भला माणूस दिसतो. पुढच्या सभेला गेलात तर बंधूंना लूक २३:४३ मोठ्यानं वाचायला सांगा. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणतो, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." सुखलोक म्हणजे त्या काळच्या यहुद्यांच्या समजुतीत मेलेल्या नीतिमानांची विसाव्याची जागा. वाचून झालं की विचारा, "त्या चोराबरोबर तो त्या दिवशी तिथं होता, तर मार खात कुठं होता?"