अंगणातली बोट

प्रश्न: घराची डागडुजी चालू आहे, त्यातच वडिलांची जुनी फायबरची मोटरबोट अंगणात रंगवावी म्हणतो. रंग टिकेल का?
– एक वाचक, दिवाळे, नवी मुंबई

उत्तर: टिकेल दादा, पण आधी बोट नीट धुवा. खाडीचं मीठ आणि जुनं मेण काढल्याशिवाय पॉलिशपेपर मारलात तर मेण आणखी आत घासलं जातं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी येईनाशी होईपर्यंत घासा, मास्क लावूनच. वर इपॉक्सी प्रायमर, मग दोन डब्यांतलं एकत्र मिसळून लावायचा पॉलीयुरेथेन रंग. तो रोलरनेच लावा. स्प्रेतून उडणारं त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसाला घातक, आणि घरात माणसं वावरताहेत. पावसाळा सरल्यावर, दव पूर्ण वाळल्यावरच हात घाला. त्या दिवशी भिंती घासणं बंद, नाहीतर धूळ ओल्या रंगावर बसेल. पाण्याखालच्या भागाला मात्र वेगळा अँटीफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंगच हवा.