निळा पट्टा म्हणजे दूषित पाणीच का?

प्रश्न : मी कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. कचरा डेपोतून झिरपणारं पाणी जमिनीत कुठवर पोचतं, हे विद्युत प्रतिमांकनाने (जमिनीत वीज सोडून आतल्या थरांचं चित्र काढायची पद्धत) शोधण्यात संशोधन करायचं आहे. डेपोलगत काळ्या जमिनीत 24 इलेक्ट्रोड (जमिनीत ठोकायच्या धातूच्या खुंट्या) 2 मीटर अंतराने लावून पाहिले. 3 मीटर खोलीवर 4 ओहम-मीटर रोधकतेचा (वीज अडवण्याच्या क्षमतेचा), म्हणजे वीज सहज वाहू देणारा निळा पट्टा दिसतो. हेच दूषित पाणी ना? आणि पुढे शिकायचं कुठे?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. ओली काळी मातीही 10 ओहम-मीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी दाखवते. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावरूनही वीज वाहते, म्हणून.

एक सोपी तपासणी आहे. जवळच्या विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. 10,000 ला त्या आकड्याने (मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर) भागलं की पाण्याची रोधकता ओहम-मीटरमध्ये मिळते. वाहकता 800 आली तर पाणी 12.5 ओहम-मीटरचं. दगडाच्या भेगांतून वीज फक्त पाण्यातून वाहत असेल, तर त्या थराची रोधकता पाण्यापेक्षा जास्तच असते. मग तुमचा थर 4 ओहम-मीटरचा कसा? एकतर तिथे चिकणमाती आहे, नाहीतर थरातलं पाणी विहिरीतल्या पाण्यापेक्षा बरंच खारट आहे. गाडलेलं लोखंडही असा पट्टा दाखवतं. हातानं फिरवायच्या ऑगरने 3 मीटरवरची माती आणि पाणी काढून पाहिलं की उलगडा होतो. डेपोपासून दूर, त्याच काळ्या जमिनीत दुसरी ओळ टाका. पट्टा तिथेही तसाच आला, तर तो मातीचाच असण्याची शक्यता मोठी.

त्याआधी मोजणी धड झाली का ते बघा. 46 मीटरच्या ओळीतून वेनर मांडणीने (चार खुंट्या समान अंतरावर ठेवून मोजायची पद्धत) 8 मीटरच्या खाली फारसं काही कळत नाही. खुंटी अंतराच्या विसाव्या भागापेक्षा खोल ठोकू नये, म्हणजे तुमच्याकडे 10 सेंटिमीटर. उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीत खुंटीचा जमिनीशी संपर्कच होत नाही. अर्धा लिटर मीठपाणी ओता, दहा मिनिटं थांबा, मग संपर्करोध (खुंटी आणि माती यांच्यामधला विद्युतरोध) पुन्हा तपासा. सगळ्या खुंट्यांचे आकडे 2 किलोओहमच्या खाली आणा. कच्च्या आकड्यांत तिरपी रेघ उमटली, तर ती ज्या खुंटीपाशी जाऊन भिडते, तीच खराब. काही मोजण्या विद्युतप्रवाहाच्या आणि विभवाच्या (व्होल्टेज मोजायच्या) खुंट्यांची अदलाबदल करून पुन्हा घ्या. फरक 5 टक्क्यांहून जास्त असेल, तर तो आकडा टाकून द्या. जवळच काटेरी तारेचं कुंपण किंवा मोटारीचं अर्थिंग असेल, तर ओळच हलवा.

शिक्षणाबाबत : भौतिकशास्त्र आणि गणिताचा पाया या विषयाला उत्तमच. जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा देऊन मुंबई किंवा धनबादच्या आयआयटीत भूभौतिकीचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. पुढे पीएचडीसाठी नेट किंवा गेट परीक्षा. हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) ही 1961 पासूनची संस्था तर आहेच. कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरातल्या खोल छिद्रांचं काम तिथून चालतं, आणि कोल्हापूरहून ती लांबही नाही.

आत्तापासून पायथन ही संगणकभाषा शिका. अशा मोजणीसाठीची पायजिम्ली आणि रेसआयपाय ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. आधी एका साध्या जमिनीचं मॉडेल बनवा, त्यातून कृत्रिम आकडे काढा, मग त्यांचं इन्व्हर्जन (आकड्यांवरून उलट जमिनीचं चित्र काढणं) करून मूळ जमीन कितपत परत मिळते ते पाहा. धारदार कडा धूसर होतात, खोलवरचं मागे पडतं, हे त्यातून डोळ्यांना दिसतं. हे न पाहता निळ्या पट्ट्याची जाडी सांगू नये.