रेसिडेन्सी संपताच इंदूरमध्ये पायांच्या विकारांचे स्वतःचे क्लिनिक काढावे का?

जरूर काढावे, मात्र पहिल्या दिवसापासून त्यावरच घर चालेल असे गृहीत धरू नये. अमेरिकेत पोडायट्री, म्हणजे पायांच्या विकारांचे वैद्यक, ही स्वतंत्र पदवी असून तिच्यानंतर साधारण 3 वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयातले प्रशिक्षण) असते. आपल्याकडे हे काम बहुधा शल्यविशारदच करतात, त्यामुळे रुग्ण आपणहून कमी येतात आणि मधुमेहतज्ज्ञांनी पाठवलेले अधिक. म्हणून सकाळी रुग्णालयात नोकरी आणि सायंकाळी रामबागेत किंवा सुदामानगरात भाड्याची खोली, ही सुरुवात मला शहाणपणाची वाटते. खोली तळमजल्यावरचीच घ्यावी, कारण तळव्याला जखम असलेल्या आजोबांना जिना चढायला लावणारा पायांचा डॉक्टर शोभत नाही. यंत्रांसाठी मोठे कर्ज काढू नये: 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तेवढ्या दाबाला वाकणारा, स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू), कंपनाची जाणीव तपासायचा 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि रक्तप्रवाह तपासायचा, हातात धरायचा डॉप्लर एवढ्यावर प्राथमिक तपासणी नीट होते. डोळे मिटून बसलेल्या काकूंच्या अंगठ्याखाली तो तंतू वाकेपर्यंत टेकवूनही त्यांना स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजते; मग पुढचा अर्धा तास चपला कशा असाव्यात हे समजावण्यात जातो आणि तोच खरा उपचार असतो. खासगी दवाखान्यांसाठीच्या मध्य प्रदेश राज्याच्या 1973 च्या अधिनियमाखालील नोंदणी व जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था मात्र पाटी लावण्यापूर्वीच पूर्ण करावी.